लाखो टन गाळ आणि पाच मिलिग्रॅम

माणसाच्या एका दिवसाच्या मलाचं वजन साधारण १२८ ग्रॅम भरतं. जगभर झालेल्या मोजमापांतून निघालेला हा मधला आकडा आहे. त्यातलं पाणी उडालं की मागे राहतात २९ ग्रॅम. आता त्याला १४० कोटींनी गुणा. भारतात रोज ४०,६०० टन, वर्षाला जवळजवळ दीड कोटी टन कोरडा ऐवज तयार होतो. लघवी यात धरलेलीच नाही. तीही धरली तर एक भारतीय माणूस वर्षभरात सुमारे २.७ किलो नत्र आणि ४०० ग्रॅम फॉस्फरस शरीराबाहेर टाकतो, असा स्वीडनमधल्या संशोधकांचा हिशेब आहे. १४० कोटी माणसांचं मिळून नत्र होतं ३८ लाख टन. आपले शेतकरी रासायनिक खतांतून वर्षाला साधारण २०० लाख टन नत्र जमिनीला देतात. म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास नत्र आपण पाण्याबरोबर सोडून देतो.

हे नत्र मुळात शेतातलंच. ज्वारीच्या दाण्यातून, तुरीच्या डाळीतून, दुधातून ते ताटात येतं, पोटात जातं आणि गटारात उतरतं. तिथून परत शेताकडे जाणारी वाट पूर्वी उघडी होती. सोनखताची किंमत जुन्या शेतकऱ्याला ठाऊक होती. पण ते सोनखत माणसांच्या डोक्यावरून वाहिलं जायचं, आणि ती माणसं ठरावीक जातींचीच असायची. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाचे आणि सोनखताचे प्रयोग केले, तेव्हा मैला वाहणाऱ्यांची सुटका आणि जमिनीचं पोषण या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्रच धरल्या होत्या. तो आग्रह आजही तितकाच खरा आहे. गाळ हाताळणाऱ्या माणसाच्या जिवावर माती सुधारणार असेल, तर ती सुधारणा नको.

आज मात्र प्रश्नाचा आकारच बदलला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं. त्यातल्या २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होते, म्हणजे शंभर लिटरमागे अठ्ठावीस. बाकीचं नाल्यात, नदीत, खाडीत. एकट्या महाराष्ट्राचा वाटा रोज ९,१०७ दशलक्ष लिटर.

सांडपाण्यात ९९.९ टक्के पाणीच असतं. उरलेला जो अंश, त्यातून आणि त्यावर पोसलेल्या जिवाणूंच्या शरीरांतून गाळ बनतो. साधारण हिशेब असा की एक दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध केलं की पाव टन कोरडा गाळ हाती येतो. पण कोरडा गाळ सहसा कोणी पाहत नाही. यंत्रात पिळून काढल्यावरही त्यात चारातले तीन भाग पाणी राहतं. म्हणून दशलक्ष लिटरला एक टन ओला गाळ, हे गणित तोंडपाठ ठेवण्यासारखं आहे. देशातलं सगळं शहरी सांडपाणी ज्या दिवशी आपण खरोखर शुद्ध करू, त्या दिवशी ७२,००० टन गाळ समोर येईल. दहा टनी ट्रकांत भरला तर ७,२०० ट्रक. एकेक ट्रक दहा मीटरचा धरून एकामागे एक उभे केले, तर पुण्यातून सुरू झालेली रांग खंडाळ्याला पोचेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच रांग.

नदी स्वच्छ व्हावी असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यायला हवं. पाणी जितकं चांगलं शुद्ध होईल, तितका गाळ वाढेल. मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, भांडुप, धारावी आणि वर्सोवा इथल्या सात नव्या केंद्रांची एकूण क्षमता २,४६४ दशलक्ष लिटर आहे. ती पूर्ण चालली की रोज अडीच हजार टनांच्या घरात गाळ. पाण्याची चर्चा वर्तमानपत्रांत भरभरून होते, गाळाची होत नाही. एवढा गाळ ठेवायचा कुठे? समुद्रात टाकणं अमेरिकेने १९९२ मध्ये थांबवलं, युरोपीय संघाने १९९८ च्या अखेरीस. कचरा डेपोत टाकला तर तो कुजून मिथेन सोडतो आणि डेपोची जागा खातो. जाळला तर त्यातलं पाणी उडवण्यातच बरीच ऊर्जा जाते. राहते ती जमीन.

जमिनीचं गणित मांडलं की एक विलक्षण गोष्ट दिसते. देशाचा पूर्ण गाळ कोरडा धरला तर वर्षाला ६६ लाख टन. हेक्टरी पाच टन अशा माफक मात्रेने तो पसरला, तर १३ लाख हेक्टरांना पुरेल. भारतातलं निव्वळ पेरणी क्षेत्र आहे सुमारे १४ कोटी हेक्टर. म्हणजे साऱ्या शहरांचा सारा गाळ एकत्र केला, तरी पेरणीच्या जमिनीतल्या एका टक्क्यालाही पुरत नाही! या लेखातला हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाळ रासायनिक खताची जागा घेणार नाही, घेऊही शकणार नाही. शिवाय सांडपाण्यातलं बरंचसं नत्र लघवीतून आलेलं असतं, ते पाण्यात विरघळून किंवा वायू होऊन निघून जातं. गाळात राहतो तो फॉस्फरस आणि मुख्यतः सेंद्रिय पदार्थ. तेव्हा भाजीच्या वाफ्यात गाळ घालण्याची घाई कुणालाच नको. ज्या जमिनीत सेंद्रिय कर्ब उरलेलाच नाही, जिथे गवतही धरत नाही, तिथे त्याची खरी गरज आहे.

याचं एक जबरदस्त उदाहरण अमेरिकेत इलिनॉय राज्यात आहे. शिकागोच्या स्टिकनी केंद्राची क्षमता दिवसाला सुमारे ५,४५० दशलक्ष लिटर, मुंबईच्या नव्या सातही केंद्रांच्या दुपटीहून जास्त. १९७० च्या सुमारास शिकागोपुढे गाळाचा डोंगर होता. तिकडे शहरापासून सुमारे ३०० किलोमीटरवर फुल्टन परगण्यात कोळशाच्या खुल्या खाणींनी हजारो एकर जमीन उलटीपालटी करून ठेवली होती. खुल्या खाणीत वरची माती आधी निघते आणि ढिगाच्या तळाशी जाते, खोलातला दगड आणि चिकणमाती वर येते. अशा जमिनीत पाणी मुरत नाही, मूळ शिरत नाही, गांडूळ जगत नाही. शिकागोच्या मलनिस्सारण संस्थेने तिथे १५,००० एकरांच्या आसपास जमीन विकत घेतली. पातळ गाळ मोठ्या नौकांत भरून इलिनॉय नदीतून खाली नेला आणि नळांतून त्या जमिनीपर्यंत पोचवला. १९७२ मध्ये सुरू झालेलं हे काम काही दशकं चाललं.

तिथल्या ४१ शेतांचा ३४ वर्षांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरड्या वजनात हेक्टरी एकूण ४५५ ते १,६५४ टन गाळ त्या शेतांना मिळाला होता. १,६५४ टन म्हणजे दर चौरस मीटरला १६५ किलो. एक हेक्टर शेताच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २,००० टन असतं, त्यावरून या मात्रेचा अंदाज यावा. आठ ते तेवीस वर्षांत हप्त्याहप्त्याने तिथे जवळजवळ नवा मातीचा थरच रचला गेला. गाळ घातलेल्या शेतांत दर वर्षी हेक्टरी सरासरी १.७३ टन कर्ब मातीत साठत गेला. नुसतं रासायनिक खत दिलेल्या शेतांत ही वाढ शून्याच्या आसपासच घुटमळली. १.७३ टन कर्ब म्हणजे हवेतला सहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. उजाड ढिगाऱ्यांवर मका उभा राहिला. वासाबद्दल आजूबाजूच्या लोकांच्या तक्रारी होत्या आणि त्या रास्त होत्या. शहराची घाण गावाच्या वाऱ्यावर सोडताना गावाला विचारायला हवं, हेही त्या प्रकल्पातून शिकण्यासारखं आहे.

मिलवॉकी शहर तर १९२६ पासून आपला गाळ भट्टीत वाळवून दाणेदार खत म्हणून विकतं, आणि ते अमेरिकेतल्या गोल्फच्या मैदानांवर आणि घरांपुढच्या हिरवळीवर पडतं. शंभर वर्षांचा हा धंदा आहे.

आता धोक्याकडे येऊ, कारण ‘सुरक्षितपणे’ या शब्दाशिवाय वरचं सगळं निरर्थक आहे. पहिला धोका जिवंत आहे. पोटातल्या गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ही अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ऊन, थंडी, पावसाळा यांतून ती तरतात आणि अनवाणी खेळणाऱ्या पोराच्या हातातून तोंडात जातात. म्हणून अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांत सर्वांत शुद्ध वर्गाच्या गाळाला चार ग्रॅममध्ये एक जिवंत अंडंही चालत नाही आणि ग्रॅममागे एक हजाराच्या आत विष्ठाजन्य जिवाणू लागतात. दुसऱ्या वर्गाला हीच मर्यादा ग्रॅममागे २० लाखांची आहे. एकाच कायद्यात दोन हजार पटींचा फरक! त्या फरकाची भरपाई वेळेने करायची असते. दुसऱ्या वर्गाचा गाळ टाकलेल्या रानात ३० दिवस गुरं चारता येत नाहीत, जमिनीला टेकणारी भाजी १४ महिने काढता येत नाही आणि गाजर-बटाट्यासारख्या पिकासाठी ३८ महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. ऊन आणि मातीतले जीव यांना त्यांचं काम करायला दिलेला हा अवधी आहे.

पहिल्या वर्गात जायचं तर उष्णता हवी. त्याच नियमांतलं सूत्र वापरून मी आकडे काढले, तेव्हा थक्क झालो. गाळ ५० अंश सेल्सिअसवर ठेवला तर १३ दिवस लागतात. ५५ अंशांवर अडीच दिवसांहून थोडं जास्त. ६० अंशांवर साडेबारा तास. ७० अंशांवर अर्धा तास पुरतो. वीस अंशांच्या फरकाने तेरा दिवसांचं काम तीस मिनिटांवर येतं. नीट रचलेल्या, हवा खेळत्या कंपोस्टच्या ढिगात ५५ ते ६५ अंश सहज चढतात, तेही इंधनाशिवाय, नुसत्या जिवाणूंच्या मेहनतीने. अट एकच की ढिगाच्या कडेचा गार भागही आत गेला पाहिजे. त्यासाठी उघड्यावरच्या लांब ढिगांना ५५ अंशांवर पंधरा दिवस आणि त्या काळात पाच वेळा पलटी सांगितली आहे. ही पलटी चुकली की सगळं मुसळ केरात. वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स केंद्रात गाळ दाबाखाली १६० अंशांपर्यंत शिजवतात, तिथे जंताचा प्रश्नच उरत नाही.

आपल्याकडचा मार्ग आणखी वेगळा आहे आणि तो मुंबईतून, ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून निघाला. १९९२ पासून वडोदऱ्यात पातळ गाळावर गॅमा किरणांचा मारा करून तो निर्जंतुक केला जाऊ लागला. २०१९ मध्ये अहमदाबादच्या पिराणा इथे दिवसाला १०० टन वाळलेला गाळ हाताळणारं केंद्र सुरू झालं. किरण कोबाल्ट-६० चे, मात्रा सुमारे १० किलोग्रे. माणूस चार-पाच ग्रेच्या माऱ्याने दगावू शकतो. म्हणजे गाळाला मिळणारी मात्रा त्याच्या दोन हजार पटींची. तरीही या मात्रेत ऊर्जा किती? किलोमागे १० किलोज्यूल. तेवढ्याने एक किलो पाणी जेमतेम अडीच अंशांनी कोमट होईल. उष्णता म्हणून नगण्य असलेली ही ऊर्जा जिवाणूंच्या डीएनएचे तुकडे करते. गाळ स्वतः किरणोत्सारी होत नाही, कारण या किरणांत अणुकेंद्र बदलण्याइतकं बळ नसतं. निर्जंतुक झालेल्या गाळात मग उपयोगी जिवाणू मिसळून खत तयार करता येतं.

पण गॅमा किरण कॅडमियमला काहीही करत नाहीत. उष्णताही करत नाही. जंतू मरतो, धातू मरत नाही. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेलं कॅडमियम भातखाचरांत उतरलं आणि तो भात खाणाऱ्यांची हाडं ठिसूळ होऊन माणसं वेदनेने कण्हत राहिली. १९६८ मध्ये तिथल्या सरकारने त्या रोगाचं कारण मान्य केलं. म्हणून गाळाचा विचार लाख टनांपासून सुरू झाला तरी निकाल मिलिग्रॅममध्येच लागतो.

आपला खत नियंत्रण आदेश शहरी कंपोस्टला किलोमागे पाच मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घालतो. शिसं १००, क्रोमियम ५०, पारा ०.१५. अमेरिकेत चांगल्या दर्जाच्या गाळाला कॅडमियम ३९ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे आपली मर्यादा जवळजवळ आठपट कडक आहे. तिचा अर्थ शेतात काय होतो ते पाहू. पाच मिलिग्रॅमचा गाळ हेक्टरी पाच टन घातला तर २५ ग्रॅम कॅडमियम मातीत गेलं. वरच्या थरातल्या २० लाख किलो मातीत ते वाटलं गेलं, तर किलोमागे ०.०१२५ मिलिग्रॅमची वाढ. अशा ८० मात्रा झाल्या की एक मिलिग्रॅम. मर्यादा पाळली तर पिढ्यान्‌पिढ्यांची सवड आहे. ती मोडली तर परतीचा मार्ग नाही, कारण एकदा मातीत गेलेलं कॅडमियम चाळून काढता येत नाही. मातीचा स्वभावही इथे मोजावा लागतो. देशावरच्या काळ्या, विम्लधर्मी मातीत ते बरंचसं बांधलेलं राहतं. कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत तेच सुटं होऊन मुळांत शिरतं. घाटमाथ्याच्या दोन बाजूंना एकच नियम लावणं म्हणूनच चूक ठरेल.

शिकागोने यातून मार्ग काढला तो कारखान्याच्या दारात. १९७० च्या दशकात तिथल्या गाळात कॅडमियम फार होतं, धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांमुळे. त्यांना आपलं पाणी आधी स्वतः शुद्ध करून मगच गटारात सोडायची सक्ती झाली आणि गाळातलं प्रमाण झपाट्याने उतरलं. गाळाची शुद्धता प्रक्रिया केंद्रात ठरत नाही, ती गल्लीतल्या मुलाम्याच्या कारखान्याच्या मोरीवर ठरते. या बाबतीत लहान गावं भाग्यवान आहेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ३८ टक्के शहरी घरांचा मैला सेप्टिक टाकीत जात होता. त्या टाकीत कारखान्याचं पाणी मिसळत नाही. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी दर तीन वर्षांनी ठरलेल्या वेळापत्रकाने टाक्या उपसून त्या गाळावर प्रक्रिया करण्याची पद्धत बसवली, ती राज्यातल्या प्रत्येक लहान शहराने डोळसपणे पाहावी.

मिलिग्रॅमच्याही खाली एक पायरी आहे. न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारे कपडे, आग विझवणारा फेस यांत वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जानेवारी २०२५ च्या मसुद्यात म्हटलं की गाळात त्यांचं प्रमाण अब्जात एक भाग असलं, तरी काही परिस्थितींत त्या शेतावर राहणाऱ्या कुटुंबाला धोका संभवतो. अब्जात एक म्हणजे हजार टन गाळात एक ग्रॅम. मेन राज्यात दशकानुदशकं शेतांत पसरलेल्या गाळातून ही रसायनं दुधापर्यंत पोचली आणि २०२२ मध्ये त्या राज्याने शेतात गाळ टाकायला पूर्ण बंदी केली. स्वित्झर्लंडने त्याच्याही आधी, २००६ मध्ये, तशीच बंदी लागू केली होती. या बंद्यांना मी घाबरटपणा म्हणणार नाही. अन्नाच्या शेतात शंका असलेला गाळ नको, हे मला पटतं.

म्हणूनच माझा आग्रह खाणीच्या ढिगाऱ्यांचा आहे. नागपूरच्या भांडेवाडी केंद्राकडे पाहा. तिथलं शुद्ध केलेलं सांडपाणी आधीच कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. पाण्याला गिऱ्हाईक मिळालं, गाळालाही मिळू शकतं. दिवसाला २०० दशलक्ष लिटर धरले तर ५० टन कोरडा गाळ, वर्षाला १८,००० टनांहून जास्त. ढिगाऱ्यावर एकदाच हेक्टरी १०० टन घालायचा ठरवला, तर दर वर्षी १८० हेक्टर, म्हणजे साडेचारशे एकर जमीन झाकली जाईल. कामठी आणि उमरेडच्या खुल्या कोळसा खाणी जवळच आहेत, शेकडो किलोमीटर नौका हाकायची गरज नाही. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातला प्रेसमड आणि जिवाणू खतं वापरून झाडं वाढवून दाखवलेली आहेत. ज्ञान घरात आहे.

यातही एक मेख आहे. १०० टन गाळात तीन टनांच्या आसपास नत्र असतं. ते एकदम सुटलं तर नायट्रेट होऊन विहिरींत उतरेल. त्यावर उपाय पूर्व विदर्भातच पडलेला आहे. धानाचं तणस मिसळलं की कर्बाचं प्रमाण वाढतं, जिवाणू ते नत्र आपल्या शरीरात बांधून ठेवतात आणि हळूहळू झाडांना देतात. ढिगाऱ्याच्या उताराखालच्या विहिरींचं पाणी दर पावसाळ्यानंतर तपासायचं, पहिली काही वर्षं तिथे बांबू, शिसव, गवत असंच काही लावायचं आणि गाळ भरणाऱ्या-पसरवणाऱ्या प्रत्येक कामगाराला हातमोजे, बूट, मास्क आणि नियमित जंतनाशक औषध द्यायचं. एवढं खर्चात धरूनच निविदा काढावी.

वाचकांना एक विनंती. आपल्या शहरातल्या सांडपाणी केंद्राचा गाळ कुठे जातो, हे महापालिकेला किंवा नगरपालिकेला लेखी विचारा. त्याच्या तपासणीचा अहवाल मागा आणि त्यात सर्वांत आधी कॅडमियमची ओळ पाहा. आकडा किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आत असेल, तर तो गाळ उजाड जमिनीपर्यंत पोचावा म्हणून पाठपुरावा करा. पाचच्या वर असेल, तर शहरातल्या कोणत्या कारखान्याचं पाणी गटारात येतं ते शोधायला भाग पाडा. आणि तपासणी झालेलीच नसेल, तर ती होईपर्यंत एक टोपलीही शेतात जाऊ देऊ नका.